ठळक अक्षरांचा धनी

लग्नाची पत्रिका घरात आली की आपले डोळे आधी जातात ते वधूवरांच्या नावांवर. ती नावे जाड, मोठ्या, टोकदार अक्षरांत असतात. श्रीकृपेकरून सुरू होणारा बाकीचा मजकूर मागाहून सावकाश वाचला तरी चालते. बडनेरा स्थानकात गाडी शिरताना पिवळ्या फळ्यावरची काळी, ठसठशीत अक्षरे दिसली की डुलकी लागलेला माणूसही पिशव्या सावरू लागतो. अकोल्याच्या टिळक रोडवरील दुकानांच्या पाट्या, अमरावतीच्या राजकमल चौकातले फलक, नाटकाची जाहिरात, निवडणुकीत रंगवलेली भिंत आणि आता आपल्या हातात असलेल्या पुरवणीचा हा मथळा, सगळीकडे ही ठळक अक्षरे आपल्याला हाका मारीत असतात. आपण हाक ऐकतो, पण हाक मारणाऱ्याकडे पाहत नाही. गाणे आवडले तर गायकाचे नाव विचारतो, देऊळ आवडले तर ते कोणी बांधले हे विचारतो. अक्षर आवडले म्हणून ते कोणी घडवले असे विचारणारा माणूस मात्र विरळाच.

मराठी छापील अक्षराच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारलाच, तर उत्तरादाखल जी दोन-चार नावे पुढे येतात त्यांत जावजी दादाजी चौधरी यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे ते संस्थापक. शाळेचे सुख ज्यांना फारसे लाभले नाही, दहा-अकरा वर्षांच्या वयात जे शिशाचे खिळे घासण्याच्या कामावर लागले, त्यांनी पुढे अशी देवनागरी अक्षरे घडवून घेतली की काशीचे पंडित आणि युरोपातील प्राध्यापक यांच्या मांडीवर एकाच छापखान्याची पोथी विसावली. जावजींचे चरित्र म्हणजे एका माणसाच्या कष्टांची हकीकत तर आहेच, पण आपली लिपी यंत्रात शिरताना विद्रूप होणार की देखणी राहणार, या मोठ्या प्रश्नाचीही ती हकीकत आहे.

लिपीपुढचा पेच

जावजींच्या कामाचे मोल कळायचे तर त्यांच्या जन्माआधीची परिस्थिती पाहिली पाहिजे. छपाईची कला युरोपात वाढली ती रोमन लिपीच्या अंगाने. त्या लिपीत मोठी सव्वीस आणि लहान सव्वीस अक्षरे, वर आकडे व विरामचिन्हे. एवढ्या खिळ्यांत सगळा संसार आटोपतो. देवनागरीचे तसे नाही. येथे अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार बसतात. पायाशी उकार लोंबतात. पोटात दुसरे अक्षर शिरून जोडाक्षर होते. आणि या सर्वांना शिरोरेषेच्या एका दोरीत ओवावे लागते. शेकडो निरनिराळे खिळे असल्याशिवाय एक पान जुळत नाही.

या पेचातून वाट काढण्याच्या दोन पद्धती मराठी छपाईत रूढ झाल्या. पहिली अखंड पद्धत. तिच्यात अक्षराचा खिळा सबंध असतो आणि मात्रा किंवा उकार शेजारच्या खिळ्याच्या अंगावर झुकतो. दिसायला हे सुरेख, पण बाहेर झुकलेला तो नाजूक भाग छापताना पटकन मोडतो. दुसरी डिग्री पद्धत. तिच्यात ओळीचे तीन मजले करायचे, वरच्या मजल्यावर मात्रा, मधल्यावर अक्षर आणि खालच्यावर उकार. खिळे मोडत नाहीत. पण जुळारी जरा चुकला की मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, शिरोरेषेला मध्येच खिंडार. पहिल्या पद्धतीत तोडमोडीचे भय, दुसरीत अक्षर विस्कटण्याचे.

ठळक अक्षराची गोष्ट याहूनही अवघड. आपल्या पूर्वजांनी बोरू तिरपा छाटला आणि त्या तिरप्या छाटामुळे अक्षराला आपोआप जाड-बारीक अंग व टोकदार कोपरे मिळाले. बोरू जाड असला तर अक्षर मोठे होते आणि त्याच्यातली मोकळी जागाही मोठी होते. खिळ्याचे तसे नसते. त्याची उंची ठरलेली. त्या उंचीत अक्षर जाड करायला गेले की 'ष' चे पोट बुजते, 'क्ष' चा गोळा होतो, 'घ' आणि 'ध' ओळखू येईनासे होतात. जाडी नेमकी कोठे वाढवायची आणि कोठे चोरायची, कोपरा कोठे धारदार ठेवायचा आणि कोठे मोडायचा, हे ज्याला कळले त्यालाच ठळक अक्षर साधले.

युरोपात याच सुमारास ठळक अक्षरांची लाट आली होती. कारखाने वाढले, माल वाढला, तशा जाहिराती वाढल्या. पुस्तकाचे अक्षर हातभर अंतरावरून वाचायचे असते. भिंतीवरची जाहिरात रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजे. लंडनचे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१५ च्या सुमारास चौकोनी टाचांची दणकट अक्षरे बाजारात आणली, तर पुढच्याच वर्षी कॅस्लन यांच्या कारखान्याच्या नमुन्यात टाचा नसलेली सरळ कोनदार अक्षरे दिसली. फार मोठ्या आकारात शिशाचा खिळा जड आणि महाग पडतो म्हणून अमेरिकेत डॅरियस वेल्स यांनी १८२७ पासून लाकडी खिळे यंत्राने कापायला सुरुवात केली. मुंबई बंदरात उतरणाऱ्या मालाबरोबर ही नवी अक्षरेही उतरत होती. इंग्रजी जाहिरात दिमाखात उभी राहू लागली. तिच्या शेजारी देवनागरी बसवायची तर तिला तसेच अंगबळ हवे होते.

दोन रुपयांची नोकरी

मुंबईत मराठी छपाईचा पाया घालण्यात अमेरिकन मिशनच्या छापखान्याचा वाटा मोठा आहे. धर्मप्रसारासाठी या मंडळींनी १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू केली, आणि टॉमस ग्रॅहॅम या अक्षरकोऱ्याच्या हातून या छापखान्याची देवनागरी अक्षरे नावारूपाला आली. दुसऱ्या बाजूला गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये छापील पंचांग काढले. त्या काळी छापलेल्या धर्मग्रंथाला सोवळ्यातला माणूस हात लावीत नसे, कारण शाईत चरबी असते असा समज. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरून ती अढी सोडवली, अशी हकीकत सांगितली जाते. एक छापखाना धर्म बदलायला निघालेला, दुसरा धर्म राखायला. मराठी अक्षराचे पोषण मात्र दोघांच्याही हातून झाले.

अशा मुंबईत १८३९ मध्ये एका गरीब मराठा कुटुंबात जावजींचा जन्म झाला. घरच्या ओढगस्तीमुळे शिक्षण जेमतेम झाले. दहाव्या वर्षाच्या आसपास ते मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर कामाला लागले. काम कोणते, तर ओतलेले खिळे घासून साफ करण्याचे.

आजच्या मुलांना हे काम समजावून सांगितले पाहिजे. वितळलेल्या धातूतून खिळा ओतला की त्याच्या कडांना बारीक बारीक काटे राहतात. ते काढले नाहीत तर खिळा शेजारच्या खिळ्याला नीट टेकत नाही. सर्व खिळ्यांची उंची अगदी सारखी, सुमारे २३ मिलिमीटर, असावी लागते. एखादा केसभर उंच राहिला तर कागद फाडतो, केसभर बुटका राहिला तर शाई घेत नाही. म्हणून एकेक खिळा हातात घ्यायचा, दगडावर घासायचा, डोळ्यासमोर धरायचा आणि पुन्हा घासायचा. बोटे काळी व्हायची, शिशाची भुकटी श्वासात जायची. मुलाच्या हातून दिवसाकाठी असे ढीगभर खिळे जात असणार. दुसरे एखादे पोर त्या कामाला कंटाळून पळाले असते. जावजींनी मात्र त्या काळ्या कामातूनच अक्षराचे रहस्य गोळा केले. अक्षराकडे लोक समोरून पाहतात. जावजींनी ते उलटे पाहिले, कारण खिळ्यावर अक्षर उलटे असते. बोटाच्या पेराला त्याची धार, त्याचा कोपरा, त्याचे पोट कळू लागले.

पुढे मिशनने आपला टाइपचा पसारा आवरला, तसे जावजी दुसऱ्या छापखान्यांत काम करू लागले. 'इंदुप्रकाश' या पत्राच्या छापखान्यातही त्यांनी काही काळ काढला. १८६२ मध्ये निघालेले हे पत्र विधवाविवाहाच्या चळवळीमुळे गाजले. वादविवाद, व्याख्याने, निवेदने यांनी मुंबई तेव्हा गजबजली होती आणि प्रत्येक वादाला खिळे लागत होते. मागणी कोठे आहे, माल कोठे कमी पडतो आणि आलेला माल कोणत्या दोषाने परत जातो, हे जावजींनी नोकर म्हणून पाहून ठेवले.

कापसाचे दिवस

१८६४ मध्ये वयाच्या पंचविशीत जावजींनी नोकरी सोडून स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. हे वर्ष आपण वऱ्हाडच्या लोकांनी नीट लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध पेटले होते, तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि साऱ्या जगाची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली होती. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. ते सोने त्या चार वर्षांत पऱ्हाटीवर पिकले. खामगाव, अकोला, अमरावती येथील गठ्ठे मुंबईच्या धक्क्यावर पोहोचत आणि मुंबईत पैसा धो धो वाहत होता. नव्या कंपन्या, नव्या पेढ्या, नव्या बँका निघत. प्रत्येकीला भागपत्रे, पावत्या, जाहिराती छापून हव्या असत. छापखान्यांना बरकत आली आणि छापखान्याला खिळे पुरवणाऱ्यालाही.

पण ही बरकत फार टिकली नाही. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतील मोठमोठ्या पेढ्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या खाली आल्या. लक्षाधीश रस्त्यावर आले, वऱ्हाडातील कास्तकारालाही त्या पडझडीचा तडाखा बसला. जावजींचा कारखाना तेव्हा एक वर्षाचा कोवळा अंकुर होता. पाठीशी वडिलोपार्जित धन नाही, सरकारदरबारी वशिला नाही, इंग्रजी शिक्षण नाही. अशा वेळी पुष्कळांनी कारखाना मोडीत काढून पुन्हा नोकरी धरली असती. जावजी टिकले ते हातातील कसबामुळे आणि एका जोडीदारामुळे.

दोन हातांचे एक अक्षर

या जोडीदाराचे नाव राणोजी रावजी आरू. अक्षरे कोरण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कारागीर त्या काळी क्वचितच असेल. निर्णयसागरच्या ज्या अक्षरांची पुढे दूरवर वाखाणणी झाली, त्यांचे मूळ ठसे आरूंच्या छिन्नीखालून आले.

हे काम चाले तरी कसे? प्रथम पोलादाची बोटभर कांब घ्यायची. तिच्या टोकावर भिंगातून पाहत पाहत अक्षर उलटे कोरायचे. छिन्नीने आतली पोकळी काढायची, कानशीने बाहेरची कड घासायची. एखाद्या रेघेची जाडी पाहायची तर टोक दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर उमटवायचे, पुन्हा घासायचे. जास्त घासले गेले तर ती कांब वाया. पोलादावर खोडरबर चालत नाही. अक्षर मनासारखे उतरले की पोलाद तापवून पाणी पाजायचे. मग तो कठीण झालेला पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकून खोल ठसा घ्यायचा आणि त्या ठशात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा. शिसे लवकर वितळते पण मऊ; अँटिमनीने त्याला कठीणपणा येतो आणि थंड होताना अक्षराची धार बोथट होत नाही; कथिलाने रस सुरळीत वाहतो. एका पंचापासून ठसे निघत आणि एका ठशापासून हजारो खिळे. म्हणजे पोलादावर एकदा झालेली चूक हजारो पानांवर उमटायची, आणि एकदा साधलेले सौंदर्यही हजारो पानांवर.

इथेच निर्णयसागरच्या अक्षराचा विशेष समजतो. पोलाद आणि कानस यांचा कल सरळ रेघेकडे आणि कोनाकडे असतो. बोरूचा कल तिरप्या छाटाकडे. आरूंनी या दोहोंची सांगड घातली. अक्षराचा उभा दंड भरदार, शिरोरेषा ताठ, वळणे गोलसर पण त्यांची टोके बोरूने छाटल्यासारखी तिरपी आणि धारदार. पोटातली पांढरी जागा मोकळी. त्यामुळे अक्षर काळेभोर दिसते, पण कोंदत नाही. पोथी लिहिणाऱ्या जुन्या लेखकाने हे पान पाहिले असते तर त्याला ते परके वाटले नसते. यंत्राने लिपीला आपल्या साच्यात दडपण्याऐवजी येथे यंत्रालाच लिपीचे वळण शिकावे लागले.

पुस्तकावर नाव छापले गेले ते मालकाचे. ते रीतीला धरूनच होते. भांडवल, जोखीम आणि दृष्टी जावजींची होती. परंतु ज्याच्या हाताने अक्षर घडले त्या आरूंचे नाव आज मुद्रणाच्या इतिहासाचे जाणकार सोडले तर कोणाला ठाऊक नाही. मालकाला कारागिराची किंमत कळत होती, हे त्या अक्षरांवरूनच दिसते. घाईच्या धंद्यात इतके निगुतीचे काम करू देणारा मालकही दुर्मीळच. वेरूळच्या लेण्यांखाली जशी पाथरवटांची नावे नाहीत, तशीच ही गोष्ट.

निर्णयसागर

पाच वर्षे दुसऱ्यांच्या छापखान्यांना खिळे पुरवल्यानंतर १८६९ मध्ये जावजींनी स्वतःचा छापखाना काढला आणि त्याचे नाव निर्णयसागर ठेवले. काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीचा पत्ता या नावामुळे पुढे साऱ्या विद्वज्जगाला पाठ झाला. सुरुवातीच्या कामांत पंचांग होते. पंचांग हे छापखान्याची परीक्षा पाहणारे काम. तिथी, वार, नक्षत्र, घटी, पळे यांचे बारीक आकडे उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीत बसवायचे, आणि त्यात एक आकडा चुकला तर कोणाच्या तरी घरचा मुहूर्त चुकणार. शिवाय डोळे अधू झालेल्या आजोबांना सण चटकन सापडला पाहिजे, म्हणून महिन्यांची आणि सणांची नावे ठळक हवीत. निर्णयसागर पंचांग घराघरांत खुंटीवर लटकू लागले आणि छापखान्याचे नाव मराठी माणसाच्या तोंडी बसले.

पण जावजींचे खरे मोठे काम संस्कृत ग्रंथांचे. तोवर संस्कृत ग्रंथ मिळवायचा तर हस्तलिखित शोधा, त्याची नक्कल करवून घ्या, त्यातल्या चुका सोसा. जावजींनी काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारखे जाणते शास्त्री संपादनासाठी जोडले, पाठ ताडून पाहिले, मुद्रिते पुनःपुन्हा तपासून घेतली आणि ग्रंथामागून ग्रंथ बाहेर काढले. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि परब यांच्या संपादनाखाली 'काव्यमाला' निघू लागली आणि कोनाकोपऱ्यात पडून राहिलेली कितीतरी संस्कृत काव्ये, नाटके, अलंकारग्रंथ प्रथमच छापील रूपात उजेडात आले. मराठी कवितेसाठी वामन दाजी ओक यांच्या संपादनाखालील 'काव्यसंग्रह' आला आणि मोरोपंतांसारख्या कवींच्या रचना वाचकांच्या हाती पडल्या.

या ग्रंथांतले एखादे जुने पान मिळाले तर जरा निवांत बसून पाहावे. वर मूळ श्लोक मोठ्या, काळ्याभोर अक्षरांत. त्याखाली टीका लहान अक्षरांत. तळाशी पाठभेद त्याहूनही लहान अक्षरांत. तीन आकार, तीन आवाज. श्लोक जणू व्यासपीठावरून बोलतो, टीकाकार शेजारी बसून समजावून सांगतो आणि संपादक कानात कुजबुजतो. कोणती ओळ कोणाची, हे सांगायला वेगळी खूण लागत नाही. अक्षराची जाडी आणि आकारच ते सांगतात. आज ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात आणि ज्याचे अभ्यासक्रम मोठमोठ्या संस्थांत चालतात, त्याचा पहिला धडा हाच आहे. महत्त्वाचे ते मोठे, पण मोठे ते थोडे. पानावरची सगळीच अक्षरे जाड केली तर एकही ठळक राहत नाही. जत्रेत सगळेच ओरडले की कोणाचेच ऐकू येत नाही.

ज्या माणसाला स्वतःला शास्त्राध्ययनाची संधी मिळाली नाही, त्याने शास्त्रे सर्वांना विकत घेता येतील अशी केली, याचा अर्थही समजून घेतला पाहिजे. पोथी होती तोवर ती ज्याच्या घरी तो तिचा धनी. कोणाला दाखवायची आणि कोणापासून झाकायची, हे त्याच्या हाती. छापील पुस्तक दुकानात येते आणि पैसे मोजणाऱ्याची जात विचारीत नाही. जावजींनी यासाठी कोणतीही सभा भरवली नाही की ठराव केला नाही. त्यांनी फक्त शुद्ध, स्वच्छ आणि वाचायला सोपे असे पुस्तक काढले. मुलांनाही ते विसरले नाहीत. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादनाखाली निर्णयसागरने 'बालबोध' मासिक सुरू केले. थोरांची चरित्रे, कविता, शास्त्रीय माहिती असा त्यातला मजकूर. दहाव्या वर्षी ज्याच्या हाती पुस्तकाऐवजी खिळा आला, त्या माणसाने दुसऱ्यांच्या मुलांच्या हाती मासिक दिले.

वऱ्हाडच्या वाटेवर

कापूस मुंबईकडे नेणारी आगगाडी १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके मुंबईशी जोडली गेली. गाडीतून गठ्ठे जात आणि परतीच्या गाडीने कागद, शाई, खिळे आणि पुस्तके येत. एकोणिसाव्या शतकातच अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार' आणि अमरावतीहून 'प्रमोदसिंधु' ही पत्रे निघू लागली. १८९७ मध्ये अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, दादासाहेब खापर्डे त्याच्या स्वागताला उभे होते. अधिवेशन म्हटले की निमंत्रणे आली, ठरावांचे कागद आले, फलक आले. गावोगावच्या छापखान्यांना अक्षरांची अशी भूक लागत गेली.

जिल्ह्याच्या गावातला छापखाना म्हणजे काय, हे साठीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. पुढच्या खोलीत मालकाचे टेबल, मागे उतरत्या लाकडी केसी, प्रत्येक खणात एक अक्षर. जुळारी उभ्याने हात चालवी. डोळे मजकुरावर, बोटे खणांत. ट्रेडलचा पाय दाबला की खट-खट असा ठेका सुरू होई. रोजच्या मजकुराचा टाइप भरपूर असे, पण मोठ्या ठळक अक्षरांचा संच मात्र एखादाच आणि तोही जपून वापरायचा. मोठ्या अक्षरांसाठी लाकडी ठोकळे असत. नाटक कंपनी गावात आली की त्यांना बाहेर काढले जाई. नाटकाचे नाव सर्वांत मोठे, मग मुख्य नटाचे, मग तिकिटाचे दर. नावात एखादे अक्षर दोनदा आले आणि ठोकळा एकच असला तर मालकाची पंचाईत होई. मग ते नाव लहान टाइपात घाला, नाहीतर दुसऱ्या छापखान्याकडून उसने अक्षर आणा. अक्षरेही उसनी मिळत होती, असा तो काळ.

याच टंचाईतून पुढे हाताने अक्षरे काढणाऱ्या चित्रकारांचा पंथ वाढला. नाटकांची, पुस्तकांची, चित्रपटांची नावे खिळ्यांऐवजी कुंचल्याने आणि कटनिबाने रेखली जाऊ लागली. नावाच्या स्वभावाप्रमाणे अक्षर वाकू, फुटू, गरजू लागले. कमल शेडगे यांनी या कलेला मराठी रंगभूमीच्या जाहिरातींत जे वैभव मिळवून दिले, ते २०२० मध्ये त्यांच्या निधनानंतरही लोकांच्या डोळ्यांपुढे आहे.

खिळ्यानंतर

५ एप्रिल १८९२ रोजी जावजी निवर्तले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. शिशाच्या खिळ्यांशी चाळीस वर्षांहून अधिक काळ गेलेला. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी कारभार पुढे चालवला आणि त्यांच्या नावाने निघालेल्या ग्रंथांनीही जुनी शिस्त सोडली नाही. संस्कृतच्या जुन्या अभ्यासकाला आजही निर्णयसागरची प्रत असे म्हटले की तिच्या पाठाची आणि छपाईची निराळी ग्वाही द्यावी लागत नाही.

देवनागरीला यंत्रात सुखाने बसवण्याचा प्रश्न मात्र जावजींबरोबर संपला नाही. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी राजकारणाच्या धामधुमीतही डोके चालवले. पुढे मोनोटाइप, लायनोटाइप अशी यंत्रे आली आणि दर वेळी लिपीला थोडे अंग चोरावे लागले. कोठे जोडाक्षर मोडले, कोठे मात्रा सरकली. संगणक आल्यावर हे बंधन सुटले. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' टाइप विंडोजमधून घरोघरच्या पडद्यांवर पोहोचला. ठळक अक्षरांना तर आता पूर आला आहे. 'खंड' आणि 'टेको' यांसारखे कोनदार, उभट, चिरेबंदी टाइप २०१४ पासून कोणालाही फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा 'मोदक' तर नावाप्रमाणेच इतका गुबगुबीत, की अक्षरातल्या पोकळीची जेमतेम रेघ उरते. अकोल्यातला एखादा तरुण आज मोबाइलवर बसल्या बसल्या वाढदिवसाचा फलक तयार करतो आणि शंभर प्रकारच्या जाड अक्षरांतून एक निवडतो. ज्या कामासाठी आरूंना पोलादाची कांब दिवसेंदिवस घासावी लागे, ते आता बोटाच्या एका टिचकीचे झाले.

ही सोय चांगलीच आहे. तिच्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. जावजींना ती मिळाली असती तर त्यांनी आनंदाने घेतली असती, कारण ते स्वतः आपल्या काळातल्या नव्या यंत्राचेच उपासक होते. पण सोयीबरोबर एक जबाबदारी येते, ती आपण विसरत चाललो आहोत. चौकातल्या फलकांवर आज नजर टाकली तर दिसते काय? प्रत्येक ओळ जाड, प्रत्येक ओळीला सावली, प्रत्येक अक्षराला निराळा रंग. रफार चुकीच्या अक्षरावर, 'श्र' मोडलेला, ऱ्हस्व-दीर्घाला सुट्टी. अक्षर मोठे झाले आणि त्याची काळजी घेणारा डोळा लहान झाला. दोन रुपयांवर राबणाऱ्या एका मुलाला केसभर उंच राहिलेला खिळा खपत नव्हता. आपल्याला दहा फूट उंच फलकावरची चूक खपते.

मुलांना मोठ्या माणसांची चरित्रे सांगताना आपण राजे, सेनापती आणि पुढारी यांची निवड करतो. त्या यादीत एखादे नाव अशा माणसाचे असावे, ज्याने स्वतः कोणताही ग्रंथ लिहिला नाही पण हजारोंना ग्रंथ वाचता आले. घरात निर्णयसागरचे एखादे जुने पुस्तक निघाले तर ते रद्दीत टाकू नये. आधी मुलांना जवळ घेऊन त्यातले एक पान उघडावे, छापलेल्या शिरोरेषेवरून त्यांना बोट फिरवू द्यावे आणि सांगावे की ही रेघ कोणीतरी पोलादावर कानशीने घासून सरळ केली आहे. लिहिताना शिरोरेषा देण्याचा कंटाळा करणारे मूल त्या दिवशी निदान एक ओळ तरी नीट लिहील. जावजी दादाजींचे यापेक्षा वेगळे स्मारक शोधण्याची गरज नाही.